नळ चावतोय

सकाळी सहा वाजून एकवीस मिनिटांनी नागमणी बोद्धूल आमच्या दाराशी आली आणि म्हणाली, "अण्णा, नळ चावतोय."

मार्च महिना होता, मंगळवार. या गोष्टीला आता चार वर्षं झाली. आमच्या सोलापुरात तेव्हा पाणी पाचव्या दिवशी यायचं आणि जेमतेम तासभर टिकायचं. आमच्या गल्लीची वेळ सहा ते सात. त्या तासात कुणी कुणाच्या दाराशी जात नसे, त्यामुळे ती आली म्हणजे काहीतरी झालंय हे मला कळलं.

"चावतोय म्हणजे?"

"हात लावला की मुंग्या येतायत. कोपरापर्यंत." तिनं उजवा हात झटकून दाखवला आणि हसली. "मला वाटलं मीच म्हातारी झाले."

ती तेव्हा एकतीस वर्षांची होती. विड्या वळायची. नवरा अंबादास यंत्रमागावर रात्रपाळी करून पहाटे पाचला घरी यायचा आणि पाण्याचा दिवस असला तर न झोपता थेट मोटर जोडायला बसायचा. त्यांचं बिऱ्हाड तळमजल्यावर मागच्या बाजूला होतं, आमचं पुढच्या बाजूला. वरच्या मजल्यावर हत्तुरे राहायचे, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. इमारत माझी. वडिलांनी बांधली, माझ्या नावावर झाली.

मी टेस्टर घेऊन अंगणात गेलो. महापालिकेची लाइन अंगणात येऊन लोखंडी पाइपानं दोन्हीकडे फुटायची. एका तोटीला अंबादासची मोटर जोडलेली होती, ती त्याची पिंपं भरायची. दुसऱ्या फाट्यावर, जिन्याखाली, हत्तुरेंची मोटर होती, ती वरच्या टाकीत पाणी चढवायची. नळाला थेट मोटर लावायला बंदी होती. सगळी गल्ली लावायची.

टेस्टर तोटीला टेकवला. आतला दिवा लागला. अंधुक, पण लागला.

"अंबादास, मोटर बंद कर."

"मालक, माझ्या मोटरचा काही संबंध नाही. नवीन घेतलीय, दोन महिने झाले."

"बंद करून बघू. दिवा विझला तर तुझी, नाही विझला तर वरची."

"मग आधी वरची करा की बंद."

हत्तुरे वरच्या कठड्यावर दात घासत उभे होते. ते तोंडातलं थुंकून म्हणाले, "ओ मालक, माझी मोटर कंपनीची हाय. अठरा वर्षं झाली, कधी कुरकुर नाही. त्या बोद्धूलची बघा आधी. मंगळवार बाजारातनं जुनी उचललेली असंल."

"पावती हाय माझ्याकडं!" अंबादास खालून ओरडला.

"पावतीला करंट लागत न्हाई का?"

नागमणी पुन्हा हसली. मी हसलो नाही. जिन्याजवळच्या मीटरबोर्डाकडे गेलो आणि मेन स्विचच्या दांड्यावर हात ठेवला. खाली ओढला असता तर दोन्ही मोटरी एकदम थांबल्या असत्या.

"मालक!" हत्तुरे चार पायऱ्या उतरले. "आज पाचवा दिवस हाय. वरच्या टाकीत वीतभर पाणी न्हाई. मंडळींच्या अंगात ताप हाय. दहा मिनिटं दम धरा, मग काय ओढायचं ते ओढा."

"माझी दोनच पिंपं झालीत," अंबादास म्हणाला. "अजून दोन. दहा मिनिटं."

मी नागमणीकडे पाहिलं. झटका तिला बसला होता.

"राहू दे अण्णा दहा मिनिटं," ती म्हणाली. "मी हात लावत नाही आता. पाटावर उभी राहते, चपला घालते. आणि काय झालं तर तो बोर्डावरचा खटका हाय की, पडंल आपोआप."

सहा वाजून सव्वीस मिनिटं झाली होती. मी दांड्यावरून हात काढला.

"नळाला कुणी हात लावायचा नाही," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "सिद्राम वायरमनला फोन करतो. दहा मिनिटांत बंद."

घरात येऊन फोन लावला. सिद्रामनं उचलला नाही. दुसऱ्यांदा लावला. कुमुद, माझी बायको, शिक्षिका होती, शाळेला जायच्या तयारीत होती. तिनं विचारलं, "मेन बंद केला ना?"

"करतोय."

तिसऱ्यांदा फोन लागत असताना अंगणातून आवाज आला. ओरडणं नव्हतं ते. घशात अडकलेला, तुटक आवाज, आणि मग पिंप पडल्याचा.

नंतर मी सगळ्यांकडून जुळवून घेतलं ते असं. रबरी पाइप तोटीवरून निसटला. पाणी जोरात उडून गटाराकडे वाहायला लागलं. अंबादास तेव्हा घरात भरलेलं पिंप सरकवत होता. नागमणी पाटावरून खाली उतरली. पाटावरून तिचा हात पोहोचत नव्हता, आणि ओल्या फरशीवर चपला घसरत होत्या म्हणून त्या तिनं काढल्या. पाचव्या दिवशी आलेलं पाणी गटारात जाताना आमच्या गल्लीत कुणीच नुसतं बघत राहिलं नसतं. तिनं दोन्ही हातांनी पाइप तोटीवर दाबला.

मी बाहेर आलो तेव्हा ती तोटीला धरून अर्धी वाकलेली होती आणि हलत नव्हती. अंबादास तिच्याकडे धावत होता. मी ओरडलो, "शिवू नको!" आणि मेन स्विच खाली ओढला. मोटरींचा आवाज थांबला. ती फरशीवर कोसळली. सहा वाजून तेहतीस मिनिटं.

कुमुदनं शाळेत प्रथमोपचाराचं शिक्षण घेतलं होतं. ती गुडघ्यांवर बसून नागमणीची छाती दाबायला लागली, मोठ्यानं आकडे मोजत. अंबादास तेलुगूत काहीतरी एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होता. हत्तुरे जिन्यावर खाली बसले होते, तोंडाला पेस्टचा फेस तसाच. कुणीतरी रिक्षा आणली. रिक्षातही कुमुद दाबत राहिली. सहा बावन्नला आम्ही रुग्णालयात पोहोचलो. सात वाजून चार मिनिटांनी डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "हृदय चालू झालंय. मेंदूचं आत्ताच सांगता येणार नाही."

अंबादास भिंतीला टेकून बसला. मग त्यानं वर पाहिलं.

"मालक, तो खटका का पडला नाही?"

मी म्हटलं, "बघावं लागेल."

मला बघावं लागणार नव्हतं.

आमच्या मीटरबोर्डावर मेन स्विचशेजारी एक संरक्षक स्विच होता. वीज कुठं गळायला लागली, माणसाच्या अंगातून जायला लागली, तर तो क्षणात आपोआप पडतो. घरातले सगळे त्याला खटका म्हणायचे. वडिलांच्या पश्चात वायरिंग नवीन केलं तेव्हा मीच बसवून घेतला होता. आदल्या दिवाळीपासून तो पाण्याच्या दिवशी पडायला लागला. मोटरी सुरू झाल्या की खट्. पुन्हा वर करायचा, पुन्हा खट्. तासातली पंधरा मिनिटं त्यात जायची. हत्तुरे माझ्या नावानं जिन्यात बोलायचे. अंबादासनं एकदा पाणी न मिळाल्यावर दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. नोव्हेंबरात मी सिद्रामला बोलावलं. तो म्हणाला, "मोटर एखादी गळत असंल. शोधायला वेळ लागंल. तोवर डायरेक्ट करून देऊ का?" डायरेक्ट म्हणजे दोन वायरींचे तुकडे लावून वीज खटक्याच्या बाहेरून न्यायची. खटका दिसतो, वर असतो, पण काही करत नाही.

मी म्हटलं, "तोवर कर."

तेव्हा नागमणी अंगणात विड्यांची पानं भिजवत होती. तिनं विचारलं होतं, "आता पडणार नाही ना अण्णा?" मी म्हटलं होतं, "आता नाही पडणार." तिला बरं वाटलं होतं. तिनं त्याचा अर्थ दुरुस्ती झाली असा घेतला. मी तो घेऊ दिला. त्यानंतर चार महिने मी सिद्रामला मोटर शोधायला बोलावलं नाही, कारण कुणाची तक्रार नव्हती.

आठ वाजून दहा मिनिटांनी सिद्रामचाच फोन आला. मी व्हरांड्याच्या टोकाला गेलो.

"मालक, आत्ता कळलं. बाई कशी हाय?"

"जिवंत आहे."

"पोलीस येतील. वीज खात्याचा साहेबबी येईल." तो थांबला. "मी तुमच्या बोर्डाजवळच हाय. पाच मिनिटांचं काम हाय. काढू का ते तुकडे?"

मी मागे वळून पाहिलं.

"मालक, माझं लायसन जाईल. तुमचं तर काय काय जाईल. काढू?"

व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला अंबादास माझ्याकडे बघत होता. काही चांगली बातमी असेल असं त्याला वाटत असावं.

"काढ," मी म्हटलं.

घरी परतलो तेव्हा साडेनऊ झाले होते. सिद्राम पायरीवर बसला होता. त्यानं मला बाजूला नेलं. "आणि एक. मोटर हत्तुऱ्याची गळतीय. मी तपासली. वायंडिंग गेलंय, अंगाला करंट येतोय. बोद्धूलची एकदम साफ हाय."

"हत्तुरेंना सांगितलंस?"

"सांगणार होतो. तेवढ्यात गाडी आली."

आमच्या गल्लीत 'गाडी आली' या दोन शब्दांना एकच अर्थ होता. मोटरी पकडणारं महापालिकेचं पथक आलं. पहिल्या घरानं हाक दिली की शेवटच्या घरापर्यंत मिनिटभरात मोटरी नाहीशा व्हायच्या. धान्याच्या डब्यात, गाद्यांखाली, एकदा तर पाळण्यात. त्या सकाळी गल्लीत शिरली ती पोलिसांची जीप होती. तरी हाक गेलीच. हत्तुरेंच्या बायकोनं तापात उठून, नवऱ्याला न विचारता, जिन्याखालची मोटर सोडवली आणि वर नेऊन दिवाणाच्या पेटीत रजयांखाली ठेवली. तिच्या मनात काही खोट होती असं मला वाटत नाही. पंधरा वर्षांची सवय होती. सगळ्या गल्लीनं तेच केलं.

एकच मोटर उघड्यावर राहिली. तिचा मालक रुग्णालयात भिंतीला टेकून बसला होता.

अकरा चाळीसला वीज खात्याचे एक अभियंते आले. तरुण, सावकाश काम करणारे. त्यांनी अंबादासच्या मोटरचा फोटो काढला. तिची अर्थिंगची तार जोडलेली नव्हती. तशी ती गल्लीत कुणाचीच नव्हती. मग ते बोर्डाकडे वळले आणि खटक्यावरचं तपासणीचं बटण दाबलं.

खट्.

शर्ट पाठीला चिकटल्याचं मला जाणवत होतं आणि ते त्यांना दिसेल असं वाटत होतं.

"हा तर चालतोय," ते म्हणाले. "मग सकाळी पडला कसा नाही?"

"मी धावत येऊन मेन ओढला," मी म्हटलं. "खटका त्याआधी पडला होता की नाही, ते मला सांगता येणार नाही."

पहिलं वाक्य खरं होतं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग खटक्याकडे. पुन्हा बटण दाबलं. पुन्हा खट्. "इथं दुसरी मोटर नाही?"

हत्तुरे जिन्यावर उभे होते. ते माझ्याकडे बघत होते, मी त्यांच्याकडे. खटक्याचं त्यांना माहीत नव्हतं आणि त्यांचीच मोटर गळते हे मला कळलंय याची त्यांना कल्पना नव्हती. तरी आम्ही दोघं एकाच वेळी गप्प राहिलो.

"दिसत तरी नाही," अभियंते स्वतःच म्हणाले, आणि लिहिलं: संरक्षक स्विच सुस्थितीत. बेकायदा मोटर, अर्थिंग नाही.

मी त्या वेळी एका दैनिकात शहर पानावर काम करायचो. त्या दिवशी रजा घेऊन चाललं असतं. घरी बसवेना म्हणून गेलो. संध्याकाळी सहाच्या सुमाराला बातमीदारानं बातमी माझ्या टेबलावर ठेवली. "तुमच्याच घरातली आहे ना, औरादकर? वाईट झालं. नाव टाकलेलं नाही मी तुमचं."

बातमी नऊ ओळींची होती. बेकायदा मोटरचा शॉक बसून महिला गंभीर, पतीवर निष्काळजीपणाचा गुन्हा. शेवटचं वाक्य असं होतं: 'घरात संरक्षक स्विच असूनही तो वेळेत का पडला नाही, हे स्पष्ट झालेले नाही.'

पानावर आठ ओळींची जागा होती. मी शेवटचं वाक्य कापलं. कुणी का म्हणून विचारलं नाही. जागा कमी पडली की शेवटचंच वाक्य कापतात.

नागमणी नवव्या दिवशी शुद्धीवर आली. बाराव्या दिवशी मी भेटायला गेलो. रोज जात होतो, पण त्या दिवसापर्यंत तिचे डोळे मिटलेले असायचे. त्या दिवशी ती उशीला टेकून बसली होती. तळहातांना पट्ट्या होत्या.

"ए नागू, बघ कोण आलंय," अंबादास म्हणाला. "मालक आलेत."

तिनं मान वळवली. माझ्या चेहऱ्यावर तिची नजर थांबली. तिचे ओठ हलायला लागले. मी पलंगाचा लोखंडी कठडा धरला होता, तो सोडला.

"वद्दु," ती म्हणाली.

"काय म्हणते?"

"वद्दु. नको." अंबादासच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तो हसत होता. "तोच एक शब्द येतोय परवापासनं. पाणी दिलं तरी वद्दु, मला बघितलं तरी वद्दु. डॉक्टर म्हणाले, बोलायची जागा दुखावलीय. कळतं सगळं, पण शब्द निघत नाही. तुम्हाला मात्र ओळखलं बघा. इतका वेळ कुणाकडं बघत नाही ती."

"वद्दु," ती पुन्हा म्हणाली. माझ्याकडेच बघून.

मी पाच मिनिटं बसलो. अंबादास पायरीपर्यंत सोडायला आला. तिथं त्यानं माझा हात धरला. "मालक, तुम्ही मेन ओढला नसता तर ती गेलीच असती. आणि बाईंनी छाती दाबली नसती तर. केलं माझ्या मोटरनं, वाचवलं तुम्ही."

सांगायची वेळ तीच होती. खाली रिक्षावाल्यानं हॉर्न दिला. मी म्हटलं, "काळजी घे," आणि उतरलो.

त्या आठवड्यात मी सिद्रामकडून सगळं वायरिंग तपासून घेतलं. अर्थिंगसाठी नवीन खड्डा खणला. प्रत्येक बिऱ्हाडाला वेगळा खटका बसवला. हत्तुरेंना सांगितलं, ती मोटर पुन्हा जोडायची नाही. त्यांनी का म्हणून विचारलं नाही. पुढच्या महिन्यात ते मुलाकडे पुण्याला राहायला गेले. मोटर ते घेऊन गेले की विकली, मला माहीत नाही.

अंबादासवरचा खटला दोन वर्षं चालला. त्यानं कोर्टात उभं राहून गुन्हा कबूल केला. वकिलानं नको म्हणून सांगितलं होतं. न्यायाधीशांनी दंडावर सोडलं. त्यानंतर तो नागमणीला घेऊन हैदराबादला तिच्या बहिणीकडे गेला. तिथं बोलणं शिकवणाऱ्या एक डॉक्टर होत्या. खोली त्यानं सोडली नाही, मी दुसऱ्या कुणाला दिलीही नाही. सणासुदीला फोन यायचा. एकदा म्हणाला, चाळीस शब्द झाले. एकदा म्हणाला, रंग सांगते.

परवा, बुधवारी, दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी त्याचा फोन आला.

"मालक, ती वाक्यं बोलतीय! दोन-दोन शब्दांची. मराठीत बोलतीय, तेलुगूत नाही. डॉक्टरबाईंनापण नवल वाटलं."

"काय बोलते?"

"त्याच दिवसाचं. अंगण म्हणते, पाट म्हणते. आणि म्हणते, 'अण्णांना विचारा.'"

"काय विचारा?"

"तेच कळंना. तेवढं म्हणते अन् थांबते. मग रडते. पुन्हा म्हणते, अण्णांना विचारा." त्याचा आवाज उत्साहानं चढला होता. "डॉक्टरबाई म्हणाल्या, त्या माणसाला समोर बसवा, पुढचं आपोआप येईल. म्हणून तिला घेऊन येतोय, रविवारी. तुम्ही घरी हाय ना?"

"आहे," मी म्हटलं. "या."

कुमुद शेजारी उभी होती. तिला सगळं माहीत आहे. त्या सकाळी रुग्णालयातून ती माझ्याआधी घरी पोहोचली होती आणि सिद्रामच्या हातातले वायरींचे तुकडे तिनं पाहिले होते. चार वर्षांत ती त्यावर एकदाच बोलली, ती परवा. फोन ठेवल्यावर तिनं विचारलं, "तुम्ही सांगणार आहात, की ती सांगेपर्यंत थांबणार?"

मी अजून उत्तर दिलेलं नाही. काल त्यांच्या खोलीचं कुलूप काढून फरशी पुसून घेतली. आज सकाळी अंबादासचा निरोप आला. तिकिटं मिळाली आहेत, दोघांची. गाडी रविवारी पहाटे पाचला सोलापुरात येते. आज शुक्रवार आहे.